आधी पत्रे, मग घर : सीताबर्डी आणि ‘कुसुमानिल’

१/
परस्परांशी अजिबात न जुळणारी दोन माणसे नाइलाजाने एका छपराखाली येतात. आरंभी टोमणे, भांडणे, अबोला. मग दिवसामागून दिवस जातात, राग ओसरतो आणि एके दिवशी दोघांनाही कळते की आता दुसऱ्यावाचून करमत नाही. हा साचा आजच्या पिढीला मालिकांमधून आणि चित्रपटांमधून परिचित आहे. नागपूरच्या सीताबर्डीशी जोडलेल्या एका खऱ्या प्रेमकथेने मात्र हा क्रम नेमका उलटा केला. तो उलटा का झाला, हे समजून घेताना १९२० च्या दशकातील समाज, कायदा आणि टपाल या तिन्हींचा इतिहास समोर येतो. हा धागा त्याविषयी.

२/
आधी साच्याविषयी. मराठी प्रेक्षकाला तो नवा नाही. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाचे मराठी रूपांतर ‘त्राटिका’ या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंगभूमीवर आले आणि अफाट गाजले. रूपांतरकार होते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर. फटकळ नायिका, तिला नमवू पाहणारा नायक, आधी लग्न आणि मग सहवासातील झटापट, असा त्याचा घाट होता. आज त्यातील पुरुषी अरेरावी खटकते, आणि ती खटकायलाच हवी. पण त्या काळच्या प्रेक्षकाला हा क्रम ओळखीचा वाटला असणार, कारण त्याच्या घरातला क्रमही तोच होता.

३/
ठरवून होणाऱ्या लग्नांच्या समाजात दोन अनोळखी जीव आधी एका घरात येत. ओळख, कुरबुर आणि प्रेम यांची पाळी नंतर. लग्नाआधी तरुण-तरुणींनी एकमेकांना ओळखावे, अशी जागाच समाजात नव्हती. ना चहाचे दुकान, ना बाग, ना वाड्यातील ओसरी. ‘आधी छप्पर, मग प्रेम’ ही कथाकारांची क्लृप्ती खरी; पण ती अशा समाजातून आली होती, जिथे छपराबाहेर प्रेमाला उभे राहायला ठिकाण नव्हते. मग ज्यांना आधी प्रेम करायचे होते, त्यांनी कुठे भेटायचे?

४/
या प्रश्नाचे एक उत्तर दोन वैदर्भीय तरुणांनी दिले. आत्माराम रावजी देशपांडे यांचा जन्म ११ सप्टेंबर १९०१ रोजी मूर्तिजापूरचा. मराठी कवितेत ते पुढे ‘अनिल’ या नावाने ओळखले गेले. कुसुम जयवंत यांचा जन्म १० नोव्हेंबर १९०४ रोजी अमरावतीचा. पुण्याच्या हुजूरपागा शाळेतून शालेय शिक्षण पुरे करून त्या फर्ग्युसन महाविद्यालयात आल्या. अनिलही तिथेच शिकत होते. वऱ्हाडातून आलेली ही दोन मुले पुण्यात एकमेकांना भेटली. दोघांच्या जाती वेगळ्या होत्या, आणि १९२२ साली एवढे एक वाक्य पुष्कळ दारे बंद करण्यास पुरेसे होते.

५/
दारे बंद असली तरी टपालपेटी उघडी होती. १९२२ ते १९२७ या वर्षांत दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली. तीच पुढे ‘कुसुमानिल’ या नावाने ग्रंथरूप झाली. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांची समाईक खोली कागदाची होती. एकाने लिहायचे, दुसऱ्याने वाचायचे, मनात घोळवायचे, मग उत्तर द्यायचे. रुसवा असेल तर तोही टपालाच्या वेगाने जायचा आणि टपालाच्याच वेगाने निवळायचा. प्रेमाची ही संथ गती केवळ स्वभावातून आलेली नव्हती; ती त्यांच्या परिस्थितीनेच ठरवून दिली होती.

६/
या कागदी खोलीचे भाडेही होते. पत्रव्यवहार सुरू झाला त्याच १९२२ सालच्या एप्रिलमध्ये सरकारने टपालाचे दर वाढवले होते. पोस्टकार्ड पाव आण्यावरून अर्ध्या आण्यावर गेले आणि पाकिटाला एक आणा पडू लागला. पोस्टकार्ड स्वस्त, पण वाटेत कुणीही वाचावे असे उघडे. मनातले लिहायचे तर पाकीटच हवे. विद्यार्थ्याच्या खर्चात दर आठवड्याचे आणे मोजावे लागत. एकांताची किंमत त्या काळी अशी अक्षरशः तिकिटावर छापलेली असे.

७/
अंतरही होते. पुण्याहून निघालेले पत्र दौंड, मनमाड, भुसावळ असे करीत विदर्भात येई. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्येच नागपूरपर्यंत पोहोचला होता. मूर्तिजापूर त्याच मार्गावर, आणि अमरावतीला जाण्याचा फाटा बडनेऱ्याला. ज्या रेल्वेने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराला नेला, तिनेच वऱ्हाडची मुले पुण्याला शिकायला नेली आणि त्यांची पत्रे परत आणली. आर्थिक इतिहासात या मार्गाची चर्चा कापसाच्या गाठींत होते. भावनांच्या इतिहासात ती पाकिटांतही करायला हवी.

८/
आता सीताबर्डीकडे. इतिहासप्रेमींना हे नाव २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे ठाऊक असते. भोसल्यांची फौज आणि टेकडीच्या आश्रयाने उभी राहिलेली इंग्रजांची लहान तुकडी यांच्यातील त्या लढाईने नागपूरचे भवितव्य पालटले. त्याच सीताबर्डीच्या परिसरात १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झाले. पुण्याचे फर्ग्युसनही त्याच वर्षीचे. म्हणजे या कथेतील दोन्ही महाविद्यालये एकाच वयाची. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि विदर्भातील मुलामुलींना पदवीसाठी दूरच्या विद्यापीठाकडे पाहण्याची गरज उरली नाही. कुसुम जयवंत यांनी १९२६ मध्ये नागपूर विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळवली.

९/
प्रेम होते, शिक्षण होते; मग लग्नाला १९२९ साल का उजाडावे? शिक्षण आणि उपजीविका ही उघड कारणे आहेतच. पण त्यामागे एक मोठी भिंत उभी होती, आणि ती भिंत कायद्याची होती. आंतरजातीय विवाह करू पाहणाऱ्या हिंदू जोडप्याची त्या काळी काय स्थिती होती, हे आज आपण जवळजवळ विसरलो आहोत. ती स्थिती समजल्याशिवाय या पाच-सात वर्षांच्या प्रतीक्षेचा अर्थ लागत नाही.

१०/
१८७२ मध्ये केशवचंद्र सेन आणि ब्राह्मो समाज यांच्या प्रयत्नांतून नोंदणी विवाहाचा कायदा झाला. त्यात एक विचित्र अट होती. वधू आणि वर दोघांनीही ‘आम्ही ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन धर्म मानीत नाही’ असे जाहीर करायचे. म्हणजे दुसऱ्या जातीत लग्न करायचे असेल तर आधी धर्म नाकारायचा. प्रेमासाठी घर सोडणे एक वेळ समजू शकते. पण ज्याला आपला धर्म सोडायचाच नाही, त्याने सरकारी कागदावर खोटे का लिहावे?

११/
ही अडचण दूर करण्यासाठी १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी केंद्रीय विधिमंडळात आंतरजातीय हिंदू विवाहांना मान्यता देणारे विधेयक मांडले. सनातनी वर्गाने त्याविरुद्ध रान उठवले आणि ते बारगळले. कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आपल्या संस्थानापुरता आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. पण कोल्हापूरचा कायदा वऱ्हाडात चालत नव्हता. वऱ्हाड आणि नागपूर मध्यप्रांतात होते.

१२/
यापुढचे पाऊल ज्यांनी टाकले, ते नागपूरकरच होते. सागर येथे जन्मलेले हरिसिंग गौर नागपुरात वकिली करीत, नगरपालिकेचे अध्यक्षही राहिले होते. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि सागर विद्यापीठाचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव राहिले. केंद्रीय विधिमंडळात त्यांनी चिकाटीने प्रयत्न करून १९२३ मध्ये १८७२ च्या कायद्यात दुरुस्ती करवून घेतली. आता हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना धर्म न नाकारता आपसात नोंदणी विवाह करता येऊ लागला. जात आडवी येणार नाही, असे कायद्याने प्रथमच सांगितले.

१३/
पण कायद्याने दार उघडताना उंबरठ्यावर दंडही ठेवला. या कायद्याने लग्न करणारा हिंदू आपल्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाई. त्याला दत्तक घेण्याचा अधिकार राहत नसे. त्याच्या संपत्तीचा वारसा हिंदू कायद्याऐवजी भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरे. आणि सर्वांत बोचरे कलम असे : असा विवाह करणारा मुलगा एकुलता एक असेल, तर त्याच्या वडिलांना दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभा मिळे. मुलगा हयात असताना कायदा बापाला जणू सांगत होता की, तुला हवे तर आता तू निपुत्रिक आहेस असे समज.

१४/
नोंदणीऐवजी धार्मिक विधीने लग्न करायचे, तर त्याच्या वैधतेचीच खात्री नव्हती. १९२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात वैश्य पुरुष आणि शूद्र मानली गेलेली स्त्री यांचा विवाह वैध ठरवला. कारण तो ‘अनुलोम’ होता, म्हणजे वराचा वर्ण वरचा होता. उलट क्रम असता तर निकालही उलटा लागण्याची शक्यता होती. शिवाय नागपूरला त्या वेळी स्वतःचे उच्च न्यायालय नव्हते. ते १९३६ मध्ये आले. आंतरजातीय हिंदू विवाह सरसकट वैध मानणारा कायदा देशाला १९४९ मध्ये मिळाला. तोवर अशा प्रत्येक जोडप्याच्या डोक्यावर टांगती तलवार होती.

१५/
हे सारे ध्यानात घेतले म्हणजे १९२२ ते १९२९ हा काळ निव्वळ हुरहुरीचा राहत नाही. तो तयारीचा काळ ठरतो. घराचा आधार तुटलाच तर दोघांनाही स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे लागणार होते. बी. ए. नंतर कुसुम यांनी इंग्लंड गाठले आणि लंडन विद्यापीठाच्या वेस्टफील्ड कॉलेजातून १९२९ मध्ये इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. अनिल कायद्याचे पदवीधर झाले. एका मध्यमवर्गीय मराठी मुलीने त्या दशकात एकटीने समुद्र ओलांडून साहित्य शिकावे, ही गोष्ट स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१६/
भारत आणि इंग्लंड यांच्यातील नियमित विमानटपाल सुरू झाले तेच मुळी १९२९ च्या मार्च अखेरीस. त्यापूर्वी लंडनचे पत्र आगबोटीने येई आणि एका दिशेच्या प्रवासाला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागे. प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी, तर मध्ये महिना निघून जाई. आज संदेशाखालच्या दोन निळ्या खुणा उमटूनही उत्तर आले नाही, तर तासाभरात मन सैरभैर होते. त्या पिढीचा धीर आपल्याहून उपजतच मोठा होता असे नव्हे. त्यांच्यासमोर धीराखेरीज दुसरा पर्याय नव्हता.

१७/
१९२९ मध्ये कुसुम जयवंत आणि आत्माराम देशपांडे यांचा विवाह झाला. वधू पंचविशीच्या उंबरठ्यावर, लंडनची पदवीधर. वर अठ्ठावीस वर्षांचा. याच वर्षी सप्टेंबरमध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे ‘शारदा कायदा’, मंजूर झाला. त्यात मुलीच्या विवाहाचे किमान वय ठरले चौदा. मुलगी निदान चौदा वर्षांची असावी, एवढे मान्य करवून घेण्यासाठी ज्या समाजात दीर्घकाळ झगडावे लागले, त्याच समाजात हे लग्न झाले. ही दोन वयोमाने शेजारी ठेवली की या विवाहाचे वेगळेपण आपोआप दिसते.

१८/
कागदी खोलीच्या जागी आता खरे घर आले. १९३१ पासून कुसुमावती देशपांडे सीताबर्डीच्या मॉरिस कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवू लागल्या आणि तिथे दीर्घकाळ राहिल्या. स्वातंत्र्यानंतर हेच कॉलेज नागपूर महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. अनिल वकिलीनंतर न्यायखात्यात गेले. एकाचे आयुष्य दाव्यांच्या कागदांत आणि बदलीच्या नोकरीत, दुसऱ्याचे शेक्सपिअर आणि इंग्रजी कादंबऱ्या शिकवण्यात. एक कवी, दुसरी कथाकार आणि चिकित्सक समीक्षक. वरवर पाहता ही जोडी जुळणारी नव्हती. पण ओळख, पारख आणि रुसवेफुगवे यांचा जो भाग इतर जोडप्यांच्या वाट्याला लग्नानंतर येई, तो यांचा बराचसा पत्रांतच पार पडला होता.

१९/
दोघांच्या पुस्तकांची नावे पाहावीत. अनिलांचा पहिला कवितासंग्रह १९३२ चा ‘फुलवात’. कुसुमावतींचा पहिला कथासंग्रह १९३४ चा ‘दीपकळी’. पुढे त्यांचे ‘दीपदान’ आणि ‘दीपमाळ’ हे संग्रहही आले. एकाकडे वात, दुसरीकडे ज्योत. मात्र या साम्यावरून दोघांचे लेखन एकसारखे होते असे समजू नये. अनिलांनी ‘भग्नमूर्ती’सारख्या दीर्घ काव्यातून मुक्तछंदाची वाट रुंद केली. कुसुमावतींनी घटनांची खळबळ टाळून मनाच्या सूक्ष्म हालचाली टिपणारी कथा लिहिली. ‘पासंग’ आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथांनी मराठी समीक्षेला भक्कम आधार दिला. एका घरात राहूनही दोघांनी आपापला स्वर राखला.

२०/
१९५८ मध्ये मालवण येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्षा कुसुमावती झाल्या. पहिले ग्रंथकार संमेलन १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात भरले होते. तेथपासून ८३ वर्षांनी प्रथमच एक स्त्री त्या अध्यक्षपदावर बसली. पत्नी म्हणून पतीच्या प्रकाशात उभे राहण्याचा तो मान नव्हता. विद्वत्तेच्या आणि लेखनाच्या बळावर मिळवलेले ते स्थान होते. त्यानंतरची स्त्री अध्यक्ष, दुर्गा भागवत, येण्यास १९७५ साल उजाडले.

२१/
त्याच १९६१ च्या १७ नोव्हेंबरला कुसुमावतींचे निधन झाले. वय अवघे ५७. मराठी साहित्याच्या इतिहासाचे त्यांचे इंग्रजीतील काम अपुरे राहिले; ते पुढे मं. वि. राजाध्यक्ष यांनी पूर्ण केले आणि साहित्य अकादमीने दोघांच्या नावे प्रसिद्ध केले. अनिल त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ जगले. दहा ओळींचा ‘दशपदी’ हा रचनाबंध त्यांनी मराठीला दिला आणि त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ८ मे १९८२ रोजी त्यांचेही निधन झाले.

२२/
या मधल्या काळात, १९७२ मध्ये, ‘कुसुमानिल’ प्रसिद्ध झाले. पहिल्या पत्रांना तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. जगाच्या साहित्यात याला एक सुप्रसिद्ध जोड आहे : रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट या इंग्रज कवी-कवयित्रीचा १८४५-४६ मधील पत्रव्यवहार. तिथेही विरोध होता, गुपचूप लग्न होते. पण ती सुमारे पावणेसहाशे पत्रे दोघांच्या मृत्यूनंतर, १८९९ मध्ये, मुलाने प्रसिद्ध केली. ‘कुसुमानिल’चे तसे नाही. येथे दोघांपैकी मागे राहिलेल्याने ती खोली स्वतः उघडली आणि परक्यांना आत येऊ दिले. मराठी मध्यमवर्गाच्या संकोची वळणात ही लहान गोष्ट नव्हती.

२३/
इतिहासाच्या अभ्यासकाला या पत्रांचे मोल प्रेमापलीकडेही आहे. कायदे, ठराव, सभांची इतिवृत्ते यांतून समाज काय बोलत होता ते कळते. खासगी पत्रांतून कळते की त्याच समाजात दोन माणसे एकमेकांशी कशी बोलत होती : सुशिक्षित तरुणी कोणत्या आत्मविश्वासाने लिहीत होती, तरुण तिला बरोबरीची मानत होता की नाही, काय वाचले जात होते, कशाची भीती वाटत होती. सुधारणेचा इतिहास केवळ सुधारकांच्या भाषणांतून लिहिला तर तो अर्धाच राहतो. उरलेला अर्धा अशा पाकिटांत असतो.

२४/
‘कुसुमानिल’ हे नाव म्हणजे व्याकरणातील साधी सवर्णदीर्घ संधी : कुसुम आणि अनिल. दोन ऱ्हस्व स्वर जवळ येतात आणि एक दीर्घ स्वर तयार होतो. आपल्या कथांमधील जोडपी एका घरात कोंडल्यावर प्रेमात पडतात, कारण बाहेर त्यांना भेटायला जागा नसते. या दोघांनी ती जागा आधी कागदावर निर्माण केली आणि मग तिच्यासाठी घर शोधले. आजही अनेक तरुण-तरुणींना जातीच्या भिंतीमुळे अशी जागा शोधावी लागते. ज्यांना तसे वाटते की हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा आहे, त्यांनी सीताबर्डीच्या मॉरिस कॉलेज चौकातून जाताना क्षणभर थांबावे. तिथे शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने त्याचे उत्तर आयुष्यभर जगून दाखवले होते.

(धागा समाप्त)